मुलाचें वय आणि अर्धें तिकीट



आजचा विषय वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक वाटेल. सहा वर्षांच्या मुलाला "पांच अजून पुरीं व्हायचीं आहेत" असें सांगून फुकट न्यावें कीं नाहीं, तेरावें वर्ष लागलेल्या मुलीला "अकराच आहेत" असें म्हणून अर्ध्या तिकिटांत बसवावें कीं नाहीं, एवढाच तो प्रश्न. आगगाडी असो, एस्. टी. असो, सर्कस असो कीं प्रदर्शन असो. तिकिटाच्या खिडकीपाशीं उभे राहिलेले पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ हा प्रश्न एका क्षणांत सोडवितात, आणि ज्या बाजूनें पैसे वांचतात त्या बाजूनें सोडवितात. मग तो किस्सा घरीं हंसत हंसत सांगितला जातो. १९६२ सालच्या 'हाफ टिकट' या हिंदी बोलपटांत किशोरकुमार यांनीं अर्ध्या तिकिटासाठीं बालक बनलेला तरुण रंगविला, तोहि थट्टेच्याच अंगानें. थट्टेला माझी हरकत नाहीं. परंतु मुलांच्या वयाला मोल कसें आलें याचा इतिहास पाहिला म्हणजे ही थट्टा तितकीशी निरुपद्रवी राहत नाहीं, आणि तेंच आज मला सांगावयाचें आहे.

आपल्या वडीलधाऱ्या पिढ्यांना वयाचा आंकडा फारसा लागत नसे. अमका पुराच्या वर्षीं जन्मला, तमकी प्लेगाच्या सालांतली, इतकें पुरे होई. ज्यांच्या घरीं जन्मपत्रिका असे त्यांच्यापाशीं घटकापळांसकट जन्मवेळ लिहिलेली असे. पण ती पत्रिका लग्न जुळवितांना बाहेर येई आणि पुन्हां पेटींत जाई. वय मोजण्याची रीतहि निराळी होती. मुंजीचें आठवें वर्ष गर्भापासून धरण्याची शास्त्रसंमत चाल होती. व्यवहारांत सरलेलें वर्ष न सांगतां चालू वर्ष सांगत. सात पुरीं होऊन आठवें लागलें कीं मूल आठ वर्षांचें. १८७२ पासून आपल्या देशांत खानेसुमारी होऊं लागली, तेव्हां तिच्या तक्त्यांत एक चमत्कार दिसून आला. वीस, पंचवीस, तीस, चाळीस अशा गोल आंकड्यांपाशीं माणसांची गर्दी, आणि एकोणतीस किंवा एकतीस वर्षांचीं माणसें मात्र फारच थोडीं! यांत कोणाची लबाडी नव्हती. ज्याची गरज पडत नाहीं त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं, इतकाच त्याचा अर्थ.

प्रवाशाच्या वयाला पैशांत मोल आलें तें आगगाडीमुळें. इंग्लंडांत रेल्वेच्या आरंभीं तिसऱ्या वर्गाच्या उतारूंचे हाल फार असत. त्यांना पुष्कळदां छप्पर नसलेल्या डब्यांतून ऊन, पाऊस व थंडी सोशीत जावें लागे. १८४१ च्या डिसेंबरांत ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर सॉनिंग येथें अपघात झाला, त्यांत अशाच उघड्या डब्यांतून घरीं निघालेले मजूर प्राणांस मुकले. पुढें १८४४ मध्यें, ग्लॅडस्टन हे व्यापारखात्याचे प्रमुख असतांना, पार्लमेंटनें कायदा केला. प्रत्येक नव्या रेल्वे कंपनीनें रोज निदान एक गाडी दोन्ही बाजूंनीं अशी सोडावी कीं तिचे डबे झांकलेले असावेत, थांबे धरून तिचा वेग तासाला १२ मैलांहून कमी नसावा, आणि भाडें मैलाला एका पेनीहून अधिक नसावें, असें त्यांत होतें. त्याच कायद्यांत मुलांचीहि तरतूद होती. तीन वर्षांखालील मूल फुकट आणि तीन ते बारा वर्षांच्या आंतील मूल अर्ध्या भाड्यांत न्यावें, असें कंपन्यांवर बंधन घातलें गेलें. कंपन्यांच्या मर्जीवर ही गोष्ट सोडलेली नव्हती. लेंकुरवाळ्या मजुराला बायकामुलांसह गांवीं जातां यावें म्हणून कायद्यानें ती त्यांच्याकडून करवून घेतली. अर्ध्या तिकिटाचें कूळ असें आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आपली पहिली आगगाडी धांवली, आणि इंग्रजी रेल्वेच्या रीतिरिवाजांबरोबर अर्ध्या तिकिटाची कल्पनाहि आपल्याकडे रुळली. सध्यां आपल्या रेल्वेंत पांच वर्षांखालील मुलाला वेगळी जागा न घेतां फुकट नेतां येतें. पांच ते बारा वर्षांच्या आंतील मुलासाठीं स्वतंत्र बर्थ न मागितल्यास अर्धें भाडें पडतें. बर्थ मागितल्यास २१ एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडें द्यावें लागतें. एस्. टी.च्या गाडींतहि पांच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धें तिकीट आहे.

आतां याच काळांतील दुसऱ्या एका दाराकडे वळूं. तेथेंहि मुलांचें वय विचारलें जात होतें. तें दार कापडाच्या गिरणीचें. इंग्लंडांत १८३३ च्या कायद्यानें, रेशमाच्या गिरण्या वगळतां, नऊ वर्षांखालील मुलांस कापडगिरण्यांत कामावर घेण्यास बंदी झाली, आणि नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये असें ठरलें. देखरेखीसाठीं चार निरीक्षक नेमले गेले. परंतु मूल नऊ वर्षांचें आहे हें ओळखावयाचें कशावरून? जन्मांची सरकारी नोंद तेथें १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तोंपर्यंत डॉक्टरानें मुलाकडे पाहून, याची अंगलोट व ताकद नऊ वर्षांच्या मुलासारखी दिसते, असा दाखला द्यावयाचा. मग आईबाप आठ वर्षांच्या मुलाला नवांचा आणि अकरा वर्षांच्या मुलीला तेरांची म्हणून पुढें करीत. आठवड्याच्या मजुरींत पडणारी भर त्यांना हवी होती. शेवटीं मुलांना तोंड उघडावयास लावण्याची पाळी आली. १८३७ मध्यें एड्विन सॉंडर्स नांवाच्या दंतवैद्यानें हजारांहून अधिक मुलांचे दांत तपासले आणि दांतांवरून वय कसें ओळखावें याविषयीं एक पुस्तिका लिहून ती पार्लमेंटपुढें ठेवली. बापाच्या शब्दापेक्षां मुलाच्या दाढेची साक्ष अधिक भरंवशाची ठरावी, याहून खिन्न करणारी गोष्ट कोणती!

आपल्याकडेहि गिरण्या आल्या आणि त्यांच्यामागून हे कायदे आले. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यानें सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठीं दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ मध्यें किमान वय नऊ झालें व चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं सात तासांची मर्यादा आली. १९२२ मध्यें किमान वय बारावर गेलें. सात वर्षांच्या मुलाला नऊ तास काम, ही सुधारणा म्हणून आलेली मर्यादा होती. मग तिच्या आधींची स्थिति काय असेल याची कल्पना करावी. मुलींच्या लग्नाच्या वयाचीहि हीच कथा. १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीसाठीं १४ व मुलासाठीं १८ वर्षांची मर्यादा घातली. तो १ एप्रिल १९३० पासून अंमलांत यावयाचा होता, म्हणून त्याआधींच्या महिन्यांत कितीतरी घरांनीं लहान मुलींचीं लग्नें घाईघाईनें उरकून घेतलीं. १९७८ मध्यें ती मर्यादा १८ व २१ झाली; तरी आजहि कोठें बालविवाह व्हावयाचा असला तर पहिलें खोटें बोललें जातें तें मुलीच्या वयाविषयीं.

हीं दोन दारें शेजारीं ठेवून पाहावीं. गाडीच्या दारापाशीं मुलाचें वय खालीं ओढलें जातें. गिरणीच्या आणि मांडवाच्या दारापाशीं तें वर चढविलें जातें. दोन्ही ठिकाणीं मुलाला कोणी विचारीत नाहीं. पहिल्यानें वांचतात थोडे रुपये आणि दुसऱ्यानें जातें सबंध बाळपण, हें अंतर मोठें आहे, मला तें पुसावयाचें नाहीं. परंतु दोहोंच्या मुळाशीं समजूत एकच आहे: मुलाचें वय ही आईबापांच्या मालकीची वस्तु असून सोयीप्रमाणें ती कमीजास्त करतां येते.

यावर कोणी म्हणेल कीं, एका आंकड्यानें असें काय बिघडतें? १८६९ मध्यें लंडनला सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या भारतीयांत सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यांतील श्रीपाद बाबाजी ठाकूर हे होते. उमेदवार २१ वर्षांच्या आंत असावा असा नियम होता. सुरेंद्रनाथांच्या १८६३ च्या मॅट्रिक परीक्षेच्या नोंदींत वय सोळा लिहिलेलें. त्यावरून हिशेब करून अधिकाऱ्यांनीं ठरविलें कीं यांचें वय उलटून गेलें आहे. ठाकूर यांच्याविषयींहि असाच आक्षेप निघाला, आणि दोघांचीं नांवें यादींतून काढलीं गेलीं. खरी गोष्ट अशी कीं सुरेंद्रनाथांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा. मॅट्रिकच्या वेळीं त्यांना पंधरा पुरीं होऊन सोळावें लागलें होतें, आणि आपल्या रीतीप्रमाणें सोळा लिहिलें गेलें होतें. त्यांनीं न्यायालयांत दाद मागितली, आपल्या देशांत वय कसें मोजतात याचे दाखले पुढें केले, आणि अखेर दोघांचीं नांवें पुन्हां यादींत आलीं. ते टिकले, कारण तो आंकडा आपल्या रीतीनें खरा होता. कोणी दोन-चार पैशांच्या सोयीसाठीं तो लिहविला असता तर कोणत्या तोंडानें न्यायालयांत उभें राहतां आलें असतें?

शिक्षकाच्या पेशांत आयुष्य गेल्यामुळें शाळेच्या जनरल रजिस्टराशीं माझा परिचय जुना आहे. महाराष्ट्रांतील जुन्या शाळांच्या रजिस्टरांत १ जून ही जन्मतारीख पानोपानीं भेटते. शाळा जूनमध्यें सुरू होणार, आणि बापाला तारीख ठाऊक नाहीं, म्हणून मुलाला तीच तारीख मिळे. पुढें ती शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जाई, तेथून सेवापुस्तकांत जाई, आणि ३१ मे रोजीं त्याच तारखेच्या आधारावर माणूस निवृत्त होई. हें अज्ञान होतें, आणि त्याला क्षमा होती. आतां ती सबब राहिलेली नाहीं. १८८६ च्या कायद्यानें जन्माची नोंद ऐच्छिक होती. १९६९ च्या कायद्यानें ती सक्तीची झाली. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढें जन्मलेल्या मुलांसाठीं शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी इत्यादि कामांत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे. आज ज्या घरीं सहा वर्षांच्या मुलाला पांचाच्या आंतलें म्हटलें जातें, त्या घरीं खरी तारीख कपाटांत ठेवलेली असते.

या बाबतींत नेहमीं तीन आक्षेप ऐकूं येतात. पहिला असा कीं, रेल्वे एवढी मोठी, तिला माझ्या रुपयांनीं काय तोटा? तोटा रेल्वेला होवो न होवो, दुसऱ्या उतारूला होतो. अर्धें तिकीट विश्वासावर चालतें. बहुधा कोणी पुरावा मागत नाहीं. खोटें सांगणारे वाढले कीं सर्वांकडे कागद मागितला जाईल, आणि त्या दिवशीं अडेल ती आपली कागद जपणारी गृहिणी नव्हे, तर कडेवर मूल आणि डोक्यावर गांठोडें घेऊन आलेली खेडवळ बाई. दुसरा आक्षेप गरिबीचा. ज्याच्या खिशांत खरोखरच पैसे नाहींत त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु त्याच्या नांवाखालीं बोलणारे बहुतेक लोक फलाटावर चहाफराळाला त्याहून अधिक खर्च करणारे असतात. सवलत अपुरी वाटत असेल तर ती वाढवावी म्हणून उघड मागणी करावी. १८४४ ची सवलत कायद्यानेंच मिळाली, खिडकीपाशीं कुजबुजून मिळाली नाहीं. तिसरा आक्षेप हा कीं, काल अर्धें आणि आज पूर्ण, असें एका रात्रींत मूल काय मोठें होतें? होत नाहीं, हें खरें. पण रेषा कोठें तरी ओढावीच लागते. गिरणीची रेषा एका दिवसानें मागें सरकवूं नये असें ज्यांना वाटतें, त्यांनीं गाडीची रेषाहि पाळावी.

राहतां राहिलें तें मूल. सहा वर्षांचें मूल मुकें नसतें. आपला वाढदिवस त्याला पाठ असतो. बाप खिडकीपाशीं वय कमी सांगतो तेव्हां तें वर बघतें, आणि बाप डोळ्यांनीं खुणावतो. त्या खुणेंतून तें एवढेंच शिकतें कीं आपलें वय ज्याच्या फायद्याचें असेल त्यानें सांगावयाचें. आज चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीनें बंदी आहे. एखादा ठेकेदार उद्यां एखाद्या मुलाच्या कानांत "विचारलें तर चौदा पुरीं झालीं म्हणून सांग" असें बोलेल, तेव्हां "माझें वय माझें आहे, तें मी खोटें सांगणार नाहीं" असें म्हणण्याचें बळ त्या मुलाला कोठून यावें? तें घरांतूनच यावें लागतें.

म्हणून माझी आईबापांना विनंति आहे. मुलाला बारा पुरीं झालीं कीं त्यानंतरच्या पहिल्या प्रवासांत पैसे त्याच्या हातांत द्यावे, त्यालाच खिडकीपाशीं पुढें करावें, आणि आपलें वय त्यालाच सांगूं द्यावें. पूर्ण तिकीट हातांत पडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो रुबाब येईल, तो वांचलेल्या अर्ध्या भाड्याहून मोलाचा आहे.