घसरणाऱ्या चाकाचा बंदोबस्त

बैलगाडीचा आस फिरत नाही. त्याच्याभोवती चाक फिरते, आणि दोन्ही चाके एकमेकांपासून सर्वस्वी मोकळी असल्यामुळे बांधाच्या कोपऱ्यावर वळताना बाहेरचे चाक लांबची वाट चालते, आतले जवळची, आणि त्यांच्यात कसलाही तंटा होत नाही. गाडी बैल ओढतात, चाकांना कोणी बळाने फिरवीत नाही, म्हणून ही सोय तिला आयती लाभली आहे. परंतु वाफेच्या शक्तीने खुद्द चाकेच फिरवून वाहन चालविण्याचा उद्योग ज्या दिवशी आरंभला, त्या दिवशी ही सोय नाहीशी झाली. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर काटकोनात वळताना, मग ते वळण लहान असो की मोठे, बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे 2.36 मीटर अधिक चालावे लागते. आणि दोन्ही चाके एकाच फिरत्या आसाला जखडलेली असली, तर तेवढे अंतर कोणत्या तरी चाकाने फरफटत जाऊनच भरून काढावे लागते.

ही अडचण निवारण्यासाठी पॅरिसच्या ओनेझिफोर पेकर या घड्याळजीने 1827-28 च्या सुमारास वाफेच्या गाडीकरिता डिफरन्शियलची, म्हणजे दोन्ही चाकांना शक्ती देऊनही वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दात्यांच्या यंत्रणेची, योजना केली. हे काम घड्याळजीच्या हातून व्हावे यात नवल नाही, कारण दात्यांच्या चक्रांकरवी दोन गतींची बेरीज-वजाबाकी करण्याची विद्या घड्याळाच्या कारखान्यात अगोदरच नांदत होती. पुढे 1877 मध्ये इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरी जेम्स स्टार्ली याने तीच युक्ती पायाने चालविण्याच्या सायकलगाडीला लावली. स्टार्ली बापलेक शेजारी शेजारी बसून एकेक चाक हाणीत असता, मुलाचे पाय अधिक बळकट असल्यामुळे गाडी एका बाजूला ओढली जाऊन खाजऱ्या झुडपांत शिरली आणि त्यातून ही कल्पना सुचली, अशी हकिकत सांगतात.

ज्याला आपले मिस्त्री नुसते ‘क्राऊन’ म्हणतात, त्या पाठीमागच्या गोल हाउसिंगमध्ये ही यंत्रणा असते. पिनियन क्राऊनला फिरवितो, क्राऊनबरोबर पिंजरा फिरतो, आणि पिंजऱ्यातले स्टार पिनियन दोन्ही बाजूंच्या एक्सलना सारख्याच जोराने ढकलतात. गती हवी तशी कमीजास्त होऊ द्यावी, परंतु जोराची तक्सीम मात्र निम्मेनिम्म करावी, हा डिफरन्शियलचा एकमेव कायदा. आणि ज्या कायद्याने वळण सुखाचे झाले, त्याच कायद्याने चिखलात गाडीचा घात होतो. घसरते चाक पन्नास किलोहून अधिक ओढ घेऊ शकत नसेल, तर कोरड्या जमिनीवरच्या चाकाच्या वाट्यालाही पन्नासच किलो येतात, मग ते चारशे किलो पेलण्याच्या ताकदीचे का असेना.

हे मी एका पावसाळ्यात फार जवळून पाहिले आहे. कांद्याच्या गोण्या उतरवून रिकामी परतणारी एक पिकअप शेताच्या तोंडाशी अडकली होती. उजवे चाक इतक्या वेगाने फिरत होते की चिखलाची चिळकांडी मागच्या बोरीपर्यंत जात होती, आणि डावे चाक, मुरमाच्या घट्ट जमिनीवर, इतके निश्चल होते की त्याच्याखाली दबलेली गवताची काडीसुद्धा हालत नव्हती. खाली गोणपाट घातले, दगड लावले, चार माणसांनी मागून रेटा दिला. अखेर एका वयस्क चालकाने पुढे होऊन हॅण्डब्रेक किंचित ओढून धरला व हलक्या पायाने ॲक्सिलरेटर दिला, तेव्हा गाडी निघाली. ब्रेकने मोकाट चाकाला विरोध मिळाला, आणि तेवढाच जोर त्या स्वस्थ चाकालाही द्यावा लागला. त्या माणसाने जे हाताने साधले, तेच यंत्राने आपोआप साधावे, हा लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचा सगळा उद्देश आहे.

त्याचा जन्म मात्र शर्यतीच्या मैदानावर झाला. फर्डिनांड पोर्शे यांनी 1930 नंतरच्या वर्षांत ‘ऑटो युनियन’साठी जी शर्यतीची मोटार रचली, तिचे सामर्थ्य इतके दांडगे होते की ताशी 160 किलोमीटरच्या वेगातसुद्धा एक मागचे चाक जागच्या जागी फिरू लागे; तेव्हा 1935 साली त्यांनी ‘झेडएफ’ या जर्मन कारखान्याकडे घसरण आवरणारा डिफरन्शियल तयार करण्याचे काम सोपविले. सामान्य ग्राहकाच्या हाती ही वस्तू यायला आणखी दोन दशके लागली. अमेरिकेत 1956 मध्ये ‘पॅकार्ड’ने ती देऊ केली, पुढच्याच वर्षी शेवरोलेने ‘पॉझिट्रॅक्शन’ या नावाने बाजारात आणली, आणि त्यानंतर प्रत्येक कंपनीने आपापले नवे नाव देऊन तीच वस्तू विकली.

या जुन्या धाटणीत पिंजऱ्याच्या आत क्लचप्लेटांच्या चवडी असतात. इंजिनाचा जोर वाढला की त्या अधिकाधिक दाबल्या जातात आणि दोन एक्सलना एकमेकांपासून फार वेगळे फिरू देत नाहीत. व्हर्नन ग्लीसमन यांच्या 1958 च्या पेटंटातून निघालेला ‘टॉर्सन’ प्लेटांऐवजी मळसूत्री दात्यांच्या घर्षणावर चालतो. तो कमजोर चाकाच्या जोराच्या काही पट जोर दुसऱ्याला देतो, म्हणजे तीन पटीचा असेल तर पन्नासाच्या बदल्यात दीडशे. परंतु चाक पुरते अधांतरी असले तर शून्याची तिप्पट शून्यच, आणि म्हणूनच हा डिफरन्शियल वापरणाऱ्या अमेरिकी लष्करी ‘हमवी’च्या चालकांनाही ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी काढण्याचे शिक्षण देतात.

आता पिकअपकडे येऊ. रिकाम्या हौद्याचे वजन अल्प, पाठीमागे ओझ्यासाठी घातलेले ताठ पाटे, आणि इंजिनाचा जोर सामान्यतः त्याच हलक्या मागच्या चाकांवर. शिवाय अखंड एक्सलमध्ये शाफ्टच्या पिळाने एक चाक दबते व दुसरे उचलले जाते. घसरणीला याहून अनुकूल परिस्थिती दुसरी नाही. म्हणून जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये 1973 पासून ‘ईटन’चा स्वयंचलित लॉक मिळू लागला, जो चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडताच दोन्ही एक्सल जखडून टाकतो, आणि रस्त्यावरच्या वेगात मात्र लागत नाही. त्याच कुळातला मेकॅनिकल लॉक आपल्याकडे महिंद्राच्या ‘थार’मध्ये आला. ट्रॅक्टर हाकणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. नांगरताना पायाखालचे लॉकचे पेडल तो नित्य दाबतो.

तेव्हा, पिकअपला लिमिटेड स्लिप घ्यावा काय? माझे मत असे की, ज्याची गाडी बारमाही डांबरावर आणि भरल्या वजनाने धावते, त्याने तो पैसा चांगल्या टायरांवर खर्चावा. ज्याला रिकाम्या गाडीने ओल्या शेतवाटेवर, वाळूत किंवा घाटातल्या कच्च्या चढावर जावे लागते आणि ज्याच्या गाडीची फक्त मागचीच चाके चालतात, त्याला ही वस्तू निःसंशय लाभदायक आहे. आणि ज्याला दररोज खोल चिखलाशी गाठ पडते, त्याने लिमिटेड स्लिपवर न थांबता पूर्ण लॉकच घ्यावा. ब्रेककरवी फिरते चाक आवरणारी आजची इलेक्ट्रॉनिक योजना थोड्या वेळापुरती उत्तम, परंतु लांब चढावर ती ब्रेक तापविते आणि इंजिनाची शक्ती उष्णतेत घालविते. एक धोकाही स्पष्टपणे सांगितला पाहिजे: साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरले तरी दुसरे गाडीची शेपूट धरून ठेवते, लिमिटेड स्लिपमध्ये ओल्या डांबरावर रिकाम्या गाडीची दोन्ही चाके एकदम सुटू शकतात, आणि मग शेपूट बाजूला जाते. पावसात वळणावर पाय हलका ठेवावा.

प्लेटांच्या जातीला तेलही निराळे लागते. घर्षण नियंत्रित करणारे द्रव्य त्यात मिसळलेले नसेल, तर आखूड वळणावर मागून खडखड ऐकू येते आणि प्लेटा अकाली झिजतात. ज्यांच्या गाडीत हा डिफरन्शियल आहे, त्यांनी क्राऊनचे तेल बदलतेवेळी मिस्त्रीच्या शेजारी स्वतः उभे राहावे, आणि कोणता डबा उघडला जातो ते डोळ्यांनी पाहून घ्यावे.