दोन दाढांमधील फट

दातांची कीड नेहमीच डोळ्यांना दिसेल अशा जागी लागते असे नाही. मुलांच्या दुधाच्या दाढा एकमेकींना रुंद बाजूंनी टेकलेल्या असतात आणि त्यांच्यावरील एनॅमलचे कवच कायमच्या दातांच्या मानाने पुष्कळच पातळ असते. त्यामुळे दोन दाढांच्या मधल्या फटीत कीड लागली, की दाढ वरून धडधाकट दिसत असतानाच कीड आत नसेपर्यंत जाऊन पोचते. घरच्यांना ते कळते, मूल मध्यरात्री कळवळून उठते तेव्हा. ही फट पाहावयाची कशी, हा प्रश्न दंतवैद्यांना फार जुना आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. पुढच्याच जानेवारीत ब्राउनश्वाइगचे दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी काळ्या कागदात व रबरात गुंडाळलेली छायाचित्रणाची काच स्वतःच्या तोंडात धरली आणि ते २५ मिनिटे निश्चल राहिले. काचेवर दातांची सावली उमटली. प्रयोग यशस्वी झाला खरा. पण पाच वर्षांच्या मुलाला २५ सेकंद तरी तोंडात काही धरून स्थिर बसवता येते का, हे कोणत्याही आईला विचारावे.

या वेळेचे मोल काहींनी आपल्या देहाने दिले. न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स हे १८९६ पासून रुग्णांच्या दातांची क्ष-किरणचित्रे घेत असत. नळीतून निघणारे किरण पुरेसे भेदक आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी ते स्वतःचाच हात किरणांत धरीत, आणि तेही रोजच्या रोज. वर्षे लोटली, हाताला कर्करोग झाला. आधी बोटे, मग पंजा, मग हात असे एकामागून एक कापावे लागले आणि अखेर १९२८ साली त्यांनी आपले जीवन स्वतःच संपविले. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रॉलिन्स यांनी मात्र धोका वेळीच ओळखला होता. त्यांचा हात भाजला होता. १९०१ मध्ये त्यांनी गिनिपिगांवर प्रयोग करून या किरणांनी प्राणी मरतो हे दाखविले आणि नळी शिसे असलेल्या पेटीत बंद ठेवावी असे सुचविले. त्यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. ते घेतले असते, तर पुष्कळांचे हात वाचले असते.

१९१३ साली कूलिज यांनी भरवशाची नळी बनविली. तथापि फटीचा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडविला तो हॉवर्ड रेपर यांनी, १९२५ मध्ये, आणि तोही एका लहानशा युक्तीने. त्यांनी फिल्मला मध्यभागी एक पट्टी जोडली. रुग्णाने ती पट्टी दातांत धरून चावली, की वरच्या व खालच्या दाढांचे माथे एकाच चित्रात येतात आणि मधल्या फटी स्पष्ट दिसतात. हीच बाइटविंग. पुढे फिल्म अधिकाधिक संवेदनशील झाली, १९८७ मध्ये फिल्मऐवजी विद्युत् संवेदक आला आणि किरणांची मात्रा वाल्कहोफच्या काळाच्या मानाने अत्यल्प झाली. २०२४ मध्ये तर अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने दातांच्या चित्रांसाठी शिशाचा अंगरखा आता आवश्यक नाही असे जाहीर केले.

तरीही वाढत्या वयाच्या पेशींना किरणांचा उपद्रव अधिक, म्हणून मुलांसाठी किरणांविनाच पाहण्याचे मार्ग शोधले गेले. १९७० च्या सुमारास काचतंतूंतून दातावर प्रखर प्रकाश टाकण्याची पद्धत पुढे आली. किडलेला भाग प्रकाश विखुरतो व काळसर दिसतो. १९९८ च्या सुमारास आलेले लेसरचे यंत्र दाढेवरच्या खाचांसाठी उपयोगी. पण दातावरचा डाग आणि साचलेला मळ यांनाही ते कीड समजते. अलीकडची अवरक्त प्रकाशाची पद्धत याहून सरस म्हणावी लागेल. तिने फटीतील कोवळी कीड दिसते आणि प्रत्येक भेटीत निःशंकपणे पाहता येते.

पण कीड नसेच्या किती जवळ गेली आहे, हे ती खात्रीने सांगू शकत नाही. दात भरावा की नसेवर उपचार करावा हे ठरवावयाचे असते तेव्हा दंतवैद्य मुलाच्या हाती रेपर यांचीच पट्टी देतो. दुधाच्या दाढांत मोकळ्या फटी असतील आणि त्यांच्या बाजू नुसत्या डोळ्यांनी दिसत असतील, तर तीही लागत नाही. आरसा आणि दिवा पुरतो.