वजनाची जाण (दक्षिण आशियाई प्रौढांमधील)

आपले वजन कमी, बेताचे की जास्त, याविषयीचा माणसाचा स्वतःचा अंदाज. भारतीय उपखंडात आणि तिथून ब्रिटन-अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांत हा अंदाज बऱ्याचदा काट्याच्या मागे राहतो. वाढलेले वजनही अनेकांना बेताचेच वाटते. दुष्काळ पाहिलेल्या समाजात भरलेले अंग ही खात्यापित्या घराची खूण. बारीक झालेल्याला ‘बरं नाही का?’ असे विचारतात, पोट सुटलेल्याला लग्न मानवले म्हणतात.

नजर जाते चेहऱ्यावर आणि दंडावर. चरबी साठते ती पोटात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आले. दोघांचा बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये जादा वजनाची रेषा २५ वरून २३ वर आणली. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी ती ६८ किलोंऐवजी सुमारे ६३ किलोंवर येते, आणि ६५ किलोंच्या माणसाला हे पटवणे फार अवघड जाते.

कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०. टेप शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर धरायची. पँटच्या पट्ट्यावरून घेतलेले माप फसवते, कारण पट्टा पोटाखाली सरकलेला असतो. साडीच्या निऱ्या आणि सलवारीची नाडी वाढ पोटात घालतात. बाईला ती कळते ब्लाऊजमध्ये सोडलेली माया उसवावी लागते तेव्हा.

वजन उतरवण्यासाठी पसंती चालण्याला, योगासनांना, उपवासाला. उपवासाचे मात्र ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ होते: साबुदाण्याची खिचडी पिष्टाने आणि तेलाने भरलेली. खरी अडचण आहे ती पातेल्याची. स्वयंपाक सगळ्यांचा एकत्र होतो, आणि जिला वजन उतरवायचे तीच वाढत असते. स्वतःसाठी वेगळे शिजवणे तिला जड जाते. ‘भात सोडा’ म्हणणारा आहाराचा कागद त्यामुळे फडताळात पडून राहतो. तेल मोजून घालणे, भाताची वाटी लहान करून वरण-भाजी वाढवणे, हे सगळ्या घराला सांगितले तर चालते. घराबाहेरच्या व्यायामात अनेक स्त्रियांना फक्त बायकांचा वर्ग हवा असतो, आणि तोही मुले शाळेत असतानाच्या वेळेत.