नवेगावबांधच्या पाळीवर

पहाटे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर या, तेही हिवाळ्यात. धुकं अजून पाण्यावरच आहे, आत कुठेतरी आडई बदकांची शीळ. पलीकडे सात डोंगर. इथले लोक त्यांना सातबहिणी म्हणतात. पाहुणे येतात, फोटो काढतात आणि निसर्गाने काय दिलंय म्हणून हरखून जातात. मला तेच खटकतं. गोंदिया जिल्ह्यातला हा एवढा तलाव माणसांनी बांधलाय. विश्वास बसत नसेल, तर पाळीवरून काळात मागे चालू लागा.

१९७५च्या सुमारास वनाधिकारी मारुती चितमपल्ली माधवराव पाटील डोंगरवारांकडून या रानाची भाषा शिकताहेत. हे जंगल नुकतंच राष्ट्रीय उद्यान झालंय. थांबू नका. १९५१ ओलांडा. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी संपली नि या झाडीपट्टीतले तलाव सरकारजमा झाले, ते वर्ष.

आता थांबा. पावसाने ओढ दिलीय. खालच्या बांधीत धान पिवळं पडायला लागलंय. गावाने आज तुडूम उघडायचं ठरवलंय. तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातून पाणी बाहेर काढायची वाट. एकावर एक भोकं, प्रत्येकात लाकडी डट्टा. एक ढिवर मासेमार छातीभर पाण्यात उतरतो, बुडी मारतो. बुडबुडे येतात. तुम्हीही श्वास धरता. तो वर येतो तेव्हा शेवाळाने हिरवा झालेला डट्टा त्याच्या हातात असतो आणि पाळीमागे पाटात गढूळ पाण्याची जीभ सरकते. वरचं भोक आधी उघडायचं, खालचं नंतर. तलाव एका दमात रिता होत नाही, आणि शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचल्याशिवाय कुणी घरी जात नाही. किती साधी सोय, पण किती विचार आहे त्यात!

अजून मागे. अठराव्या शतकाचा आरंभ. इथे पाळ नाही, तलाव नाही. येन-मोहाची झाडं आणि डोंगरांमधली घळ. गोंड राजवटीत चाल अशी, की जो तलाव बांधेल त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन. म्हणून कोहळी आलेत. ऊस पिकवणारे, पाण्याची नजर असलेले लोक. त्यांच्यातला कोलू पाटील पुढे याच डोंगरांपैकी एकावर कोलासूर देव होऊन बसणार आहे. आज मात्र तो या माणसांतलाच एक.

धो धो पाऊस कोसळतोय आणि ही माणसं आडोशाला जायची सोडून घळीतून हिंडताहेत. तुम्ही एका म्हाताऱ्याला कारण विचारता. तो डोक्यावरचं घोंगडं सारतो.

"उन्हाळ्यात का दिसते? पानी कोठून येते अन् कोठं जाते, ते आता पाय गा."

मग तो तुमच्या हातात खुंट्यांची मोळी देतो आणि चिखलातून पुढे निघतो.