गो-कार्टचे इंजिन : उसनवारीचा इतिहास

शर्यतीच्या सगळ्या गाड्यांत गो-कार्ट ही सर्वांत साधी. लोखंडी नळ्यांची चौकट, चार लहान चाके, एक आसन, एक स्टिअरिंग आणि आसनाच्या बाजूला किंवा मागे एक इंजिन. छप्पर नाही, दारे नाहीत, स्प्रिंगही नाहीत. चौकट वेल्डिंगच्या कोणत्याही चांगल्या दुकानात तयार होते. चाके, ब्रेक, साखळी विकत मिळतात. गाडे अडते ते इंजिनापाशी. ते घरी बनत नाही, कुठून तरी आणावे लागते. या खेळाला आता जवळजवळ सत्तर वर्षे झाली. एवढ्या काळात गाड्या बदलल्या, देश बदलले, पण 'परवडणारे इंजिन आणायचे कुठून' हा प्रश्न तसाच राहिला.

आपल्या स्मरणिकेत या विषयाला जागा मागण्याचे कारण आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांतून मुले-मुली संघ करून गो-कार्ट बनवतात, स्पर्धांना जातात. त्यांत चोपडा तालुक्यातून गेलेली मुलेही असतात. पैसा कमी पडला की ती हक्काने माजी विद्यार्थ्यांकडे येतात. मागणी बहुधा एकच असते : "ताई, जरा मोठे इंजिन घ्यायचे आहे." ही मागणी कशी जोखावी, हे या खेळाचा इतिहास फार चांगले सांगतो.

सुरुवात १९५६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे झाली. आर्ट इंजेल्स हे कर्टिस क्राफ्ट या कारखान्यात कामाला होते. इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध शर्यतीसाठी हा कारखाना गाड्या बनवत असे. दिवसभर महागड्या गाड्या घडवणाऱ्या या कारागिराने लू बोरेली या मित्राला बरोबर घेऊन स्वतःसाठी एक चिमुकली गाडी केली. तिला लावलेले इंजिन वेस्ट बेंड कंपनीचे होते, ताकद सुमारे अडीच अश्वशक्ती. ते मुळात गवत कापायच्या यंत्रासाठी बनलेले. यंत्राचा धंदा चालला नाही, म्हणून अशी इंजिने पडून होती आणि स्वस्तात मिळत होती. इंजेल्स अंगापिंडाने भारी होते, त्या इंजिनाला त्यांचे ओझे नीट झेपेना. तेव्हा बोरेली यांनी मोठे इंजिन न शोधता आहे तेच इंजिन उघडले, त्याच्यावर काम केले आणि गाडी पळती केली. म्हणजे गो-कार्टच्या इतिहासातली पहिली इंजिनसुधारणा हत्यारे आणि डोके यांच्या बळावर झाली.

पुढच्याच काळात डफी लिव्हिंगस्टोन आणि त्यांच्या भागीदारांनी सुट्या भागांचा संच विकायला काढला. किंमत १२९ डॉलर. गॅरेजमध्ये बसून बापलेकांनी गाडी जोडावी, अशी ती कल्पना होती. मागणी वाढली, तशी लॉस एंजेलिसची मॅककलक कंपनी पुढे आली. ती लाकूड कापायच्या साखळी-करवती बनवत असे. तिने १९५९ साली करवतीच्याच इंजिनात बदल करून खास कार्टसाठी एमसी-१० हे इंजिन काढले. आधी गवताचे, मग लाकडाचे. दोन्ही वेळा इंजिन मुळात दुसऱ्या कामाचे होते.

हा खेळ युरोपात पसरला. १९६२ साली आंतरराष्ट्रीय नियम करणारी समिती झाली आणि १९६४ साली पहिली जागतिक स्पर्धा झाली. १०० सीसीची टू-स्ट्रोक इंजिने हा मुख्य वर्ग ठरला. आता मात्र इंजिने खास शर्यतीसाठी बनू लागली. हळूहळू ती मिनिटाला पंधरा हजारांहून जास्त फेरे घेऊ लागली. इतक्या वेगाने फिरणाऱ्या यंत्राचे पिस्टन आणि बेअरिंग वारंवार बदलावे लागतात. ज्याच्याकडे दोन-तीन इंजिने आणि ती बांधणारा तज्ज्ञ, तो पुढे. गवताच्या यंत्रातून जन्मलेला खेळ सामान्य घरातल्या मुलाच्या हातून निसटू लागला.

यावर ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक तोड काढली. मॅक्स नावाचे १२५ सीसीचे, पाण्याने थंड होणारे, बटणावर चालू होणारे इंजिन तिने आणले आणि त्याला सील लावले. सील फक्त अधिकृत केंद्रानेच उघडायचे. लहान मुलांच्या गटासाठी तेच इंजिन ताकद कमी करून, मोठ्यांसाठी पूर्ण ताकदीने. कोणाकडे जादूगार मिस्त्री आहे याला त्यामुळे फारसा अर्थ उरला नाही. भारतातल्या जेके टायरच्या राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेतही हेच इंजिन आले. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर या स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. तरीही परदेशातून आलेले इंजिन, त्याचे भाग, टायर, प्रवास हे सारे धरले तर चोपड्यातल्या घराला हा खर्च झेपणारा नाही. म्हणून आपल्याकडची मुले पुन्हा १९५६ च्याच वाटेने, म्हणजे उसन्या इंजिनाकडे जातात.

आपल्या भागात इंजिनांची वाण कधीच नव्हती. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात सुरू झाली आणि खानदेशातल्या किती विहिरींवर तिची इंजिने धडधडली, हे आपल्या आधीच्या पिढीला विचारावे. मग तेच इंजिन कार्टला का लावत नाहीत? उत्तरात गोष्टीचे मर्म आहे. किर्लोस्करचे एव्ही-१ हे डिझेल इंजिन ५ अश्वशक्तीचे, ५५३ सीसीचे, मिनिटाला १५०० फेरे घेणारे. होंडाचे जीएक्स-१६० हे पेट्रोल इंजिन १६३ सीसीचे, ३६०० फेऱ्यांना सुमारे ४.८ अश्वशक्ती देणारे. ताकद जवळजवळ सारखी. पण होंडाचे वजन सुमारे १५ किलो, एका हाताने उचलावे इतके, आणि डिझेलचे शंभर किलोंहून जास्त. विहिरीवरचे इंजिन जागचे हलत नाही, तिथे वजन हा गुणच आहे. कार्टमध्ये तेच वजन दुसरा माणूस बसवल्यासारखे होते. इंजिन निवडताना नुसती अश्वशक्ती पाहायची नसते, ती किती किलोंमागे मिळते हे पाहायचे असते.

दुसरा साठा दुचाकींचा. १९७२ साली अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ५० सीसीची लुना आणली. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. तिने गिअर न बदलता स्कूटर चालवता येते हे भारताला दाखवले. २००१ साली बजाजची पल्सर आली, १५० सीसीत सुमारे १२ अश्वशक्ती. यांतले जुने इंजिन कुठल्याही जिल्ह्याच्या गावी मिळते, आणि ते उघडणारा मिस्त्रीही मिळतो. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची आहे. मात्र मोटारसायकलचे इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्याने थंड व्हावे असे बनवलेले असते. कार्टमध्ये ते चालकाच्या पाठीमागे दडते, वारा मिळत नाही आणि काही फेऱ्यांतच तापते. वारा वळवून आणायला पत्र्याची सोय करावी लागते. बिनगिअरच्या स्कूटरच्या इंजिनाला बहुधा स्वतःचा पंखा असतो, होंडाच्या जीएक्सलाही असतो. म्हणून १२ अश्वशक्तीचे तापलेले इंजिन ५ अश्वशक्तीच्या थंड इंजिनापुढे हरू शकते.

आता 'जरा मोठे इंजिन' या मागणीकडे येऊ. जीएक्स-१६० वापरणाऱ्यासाठी सर्वांत सरळ पुढची पायरी म्हणजे जीएक्स-२००. दोन्हींच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटरच. फरक पिस्टनच्या धावेत, ४५ ऐवजी ५४ मिलिमीटर. त्यामुळे सीसी १६३ वरून १९६ होते, ओढ सुमारे पाचव्या हिश्श्याने वाढते आणि वजन किलोभरच वाढते. चौकटीत फार कापाकापी करावी लागत नाही.

याहून स्वस्त म्हणून एक वाट सांगितली जाते : गव्हर्नर काढून टाका. गव्हर्नर म्हणजे इंजिनाचे फेरे ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ न देणारी यंत्रणा. ती काढली की इंजिन जास्त पळते, आणि पैसा लागत नाही. पण त्याचा कनेक्टिंग रॉड आणि फ्लायव्हील ठरावीक फेऱ्यांच्या हिशेबाने बनवलेले असतात. फेरे दुप्पट झाले की त्यांच्यावरचा ताण चौपट होतो. रॉड तुटला तर इंजिन जाते. फ्लायव्हील फुटले तर तुकडे चालकाच्या पाठीकडे येतात. शर्यतीसाठी गव्हर्नर काढणारे जाणकार रॉड आणि फ्लायव्हील आधी बदलतात. मग ती वाट फुकट राहत नाही.

खरोखर स्वस्त सुधारणा साखळीच्या दातांत असते. हिशेब आठवीच्या गणिताचा आहे. मागच्या चाकाचा व्यास ११ इंच धरला तर परीघ सुमारे ०.८८ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ११३६ फेरे. इंजिनाचे ३६०० फेरे याला भागले की ३.१७ येते. पुढे १२ दातांचे स्प्रॉकेट असेल तर मागे ३८ दातांचे हवे. ट्रॅक आखूड आणि वळणांचा असेल, गाडी ताशी ५० च्या वर जातच नसेल, तर मागे सुमारे ४६ दातांचे लावावे. इंजिन तेच, पण वळणातून बाहेर पडताना जोर पाचव्या हिश्श्याने वाढतो. जीएक्स-२०० ने दिला असता जवळजवळ तेवढाच, आणि नव्या इंजिनापुढे अगदी किरकोळ खर्चात.

उलट नुसती ताकद वाढवून मिळते काय, तेही पाहा. वेग वाढला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट करायला हवेविरुद्ध आठपट ताकद लागते. म्हणून ताकद दुप्पट केली तरी कमाल वेग सुमारे २६ टक्केच वाढतो, आणि आखूड ट्रॅकवर तो गाठायला सरळ रस्ताच नसतो.

हे ओळखूनच काही स्पर्धांनी इंजिनाचा प्रश्न नियमानेच सोडवला. १९७६ साली अमेरिकेत दक्षिण कॅरोलिना विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या बाहा स्पर्धेला सुरुवात झाली. तिथल्या गाड्या कार्ट नव्हेत, खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या. पण सुरुवातीच्या काळातला नियम शिकण्यासारखा : सगळ्या संघांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे एकाच तऱ्हेचे ८ अश्वशक्तीचे इंजिन असे, आणि ते उघडायचे नसे. ज्याला पुढे जायचे, त्याने वजन घटवावे, सांधे मजबूत करावेत, गिअर नीट ठरवावेत. ही स्पर्धा २००७ साली भारतात आली ती पिथमपूरला, म्हणजे आपल्या शिरपूर-सेंधवा रस्त्याने सातपुडा ओलांडला की पलीकडे. तिथे खिशापेक्षा कामाची परीक्षा होते.

एक गोष्ट मात्र इंजिनाच्याही आधी यायला हवी. २०१८ साली हरियाणातील पिंजोरला आणि २०२० साली हैदराबादजवळ गो-कार्ट चालवताना केस फिरत्या चाकात अडकून दोन तरुणींचा जीव गेला. या लोकांना सहलीत चालवायला देण्याच्या गाड्या होत्या, शर्यतीच्या नव्हेत. मागचा धुरा आणि साखळी यांवर झाकण, केस आत घेणारी टोपी आणि हेल्मेट, हाताशी इंजिन बंद करायचे बटण, या गोष्टींना इंजिनाच्या मानाने फार थोडे पैसे लागतात. आपल्या मुली आता अशा संघांत आहेत. झाकण लावलेले नसेल तर गाडी ट्रॅकवर जाऊ नये, इंजिन कितीही लहान असो.

म्हणून पुढच्या वेळी एखादा संघ आपल्याकडे आला, तर पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. धुरा आणि साखळी झाकली आहे का? ट्रॅक पाहून दातांचा हिशेब केला आहे का? आताच्या इंजिनाची पूर्ण ताकद वापरली जाते की ते तापून ढेपाळते? नवे इंजिन बिलासह घेत आहात का, आणि त्याचे भाग गावात मिळतील का? चारही उत्तरे नीट आली, तर मोठ्या इंजिनासाठी जरूर हात सैल सोडावा. नाही आली, तर तेच पैसे झाकण, ब्रेक आणि दोन-तीन जादा स्प्रॉकेटसाठी द्यावेत. उरले तर जुने इंजिन विकू न देता पुढच्या वर्षाच्या मुलांना उघडून शिकायला ठेवावे. बोरेलींनीही तसेच उघडले होते.