कर्करोगाची आगाऊ वर्दी

आदिलाबाद जिल्ह्यातील जैनद-बेला भागातल्या शेतकऱ्याच्या घरी कर्करोगाचा संशय आला, की उपचारासाठी बहुधा उत्तरेस सुमारे २०० किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते, नाही तर दक्षिणेस सुमारे ३०० किलोमीटरवरचे हैदराबाद. तोवर रोग पुष्कळदा हाताबाहेर गेलेला असतो. गावातच थोडे रक्त तपासून आगाऊ वर्दी मिळाली तर? ही आशा नवी नाही. तिला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

१८४५ साली लंडनमधील एका किराणा व्यापाऱ्याच्या लघवीचा नमुना हेन्री बेन्स जोन्स या डॉक्टरांकडे आला. त्यात एक विलक्षण प्रथिन होते. तापवले की ते साकळे, उकळले की विरघळे आणि निवल्यावर पुन्हा दिसू लागे. अस्थिमज्जेच्या कर्करोगाची ती खूण होती. कर्करोग शरीराच्या द्रवांत आपली खूण सोडतो, याचा हा पहिला दाखला. मात्र खूण सापडून दोन महिने होतात न होतात तोच, १ जानेवारी १८४६ रोजी, रुग्ण दगावला.

पुढे १९६३ मध्ये मॉस्कोत आबेलेव यांना यकृताच्या कर्करोगात, तर १९६५ मध्ये माँट्रियल येथे गोल्ड व फ्रीडमन यांना आतड्याच्या कर्करोगात अशी प्रथिने आढळली. ती एरवी गर्भावस्थेत विपुल असतात आणि जन्मानंतर जवळजवळ लोपतात. कर्करोग त्यांना पुन्हा जागे करतो. शास्त्रज्ञांना वाटले, किल्ली सापडली! पण आतड्याच्या कर्करोगाचे ते प्रथिन धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तातही वाढलेले दिसले, आणि रोगाच्या आरंभी ते अनेकदा वाढतच नसे. म्हणून आज त्याचा उपयोग मुख्यतः उपचारानंतर लक्ष ठेवण्यासाठी होतो.

अडचण कोठे आहे, ती साध्या गणिताने कळेल. हजार माणसांत एकालाच सुप्त कर्करोग आहे आणि चाचणी निरोगी माणसांपैकी शेकडा पाचांबाबत चुकते, असे धरा. मग त्या एकासाठी सुमारे पन्नास निरोगी माणसांच्या दारी खोटी वर्दी जाईल. गरिबाच्या घरी तिचा अर्थ बुडालेली मजुरी, काढलेले कर्ज आणि कदाचित विनाकारण शस्त्रक्रिया.

शिवाय लवकर सापडणे म्हणजे वाचणे नव्हे. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी दीर्घ प्रयोग झाला. एका गटात रक्तातील प्रथिन दरवर्षी तपासले. त्या गटात रोग अधिक वेळा पहिल्या अवस्थेत सापडला. तरीही २०२१ च्या निष्कर्षानुसार मृत्यू लक्षणीय घटले नाहीत.

याउलट मुंबईकडे पाहा. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील स्त्रियांची गर्भाशयमुखासाठी तपासणी केली. साधन काय, तर सौम्य व्हिनेगर. तपासणाऱ्या कोण, तर प्रशिक्षण दिलेल्या दहावी शिकलेल्या स्त्रिया. त्या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रथिनांचा शोध चालू आहे, आणि तो चालू राहावा. एकाच वेळी अनेक प्रथिने वाचणारी यंत्रे आता आली आहेत. पण कोणत्याही नव्या चाचणीला एकच प्रश्न विचारावा: हिने किती माणसे वाचली? तिचे उत्तर येईपर्यंत तंबाखू सोडावी, तोंडातील न भरणारा व्रण आरोग्यसेविकेला दाखवावा आणि तपासणीची संधी दवडू नये. हे उपाय आजही आपल्या हाती आहेत.