आई आडवी होते तेव्हा

साल 1905. सोलापूरला आगगाडीतून उतरलात तेव्हा इंग्रजांच्या राज्यात होता, आता बैलगाडीत बसून मोगलाईत शिरला आहात. निजामाच्या या मुलखात त्याचं स्वतःचं नाणं, हाली शिक्का, चालतो. कनवटीचे रुपये मोडून देणाऱ्यानं आपल्याला फसवलं, असा तुमचा पक्का संशय. गाडीवान नुसता हसतो. बालाघाटाचा चढ लागतो, बैल धापा टाकतात आणि वरून, तुळजापुरातून, संबळ ऐकू येतो.

नवरात्र सरलं. दसऱ्याची पहाट व्हायची आहे. डोंगरावर चढून आलात खरे, पण देवळासाठी पुन्हा पायऱ्या उतरायच्या. कल्लोळ तीर्थात बुडी मारता, गोमुखाच्या धारेखाली डोकं धरता. ओलेत्यानं पुढे सरकताना जळत्या पोतांच्या तेलाचा धूर डोळ्यांत जातो. कवड्यांच्या माळा घातलेल्या आराधिणी परडी सांभाळत वाट काढतात. त्यांना कोणी अडवत नाही, तुम्हाला मात्र सगळे ढकलतात.

गाभाऱ्यात अष्टभुजा देवी उभी आहे, पायाखाली महिषासुर. हात जोडता, पण खरं सांगायचं तर महिषासुरमर्दिनी पुष्कळ ठिकाणी आहे. तुळजापूर कळायचं असेल तर बाहेर अंगणात जाऊन थांबा.

तिथं पालखी आली आहे, नगरजवळच्या बुऱ्हाणनगरची. पलंगही आला आहे. घोडेगावात घडवलेला, जुन्नर आणि नगरवरून गावोगाव ओवाळून घेत आलेला. दोन्हींचा मान तेली घराण्यांकडे, पिढ्यान्‌पिढ्या. पलंग दरसाल नवा लागतो. देवीच्या साडेतीन पीठांतलं हे एक पूर्ण पीठ, पण तिच्या अंथरुणाची सोय इतक्या लांबचे कष्टकरी करतात. तुळजापूरचं माहात्म्य सांगताना मी असुराच्या आधी या पलंगाची गोष्ट सांगेन.

एकदम गलका होतो. ‘आई राजा उदो उदो!’ मूर्ती सिंहासनावरून उचलली गेली आहे. वणीची देवी कड्यातच कोरलेली, माहूरचा तांदळा जागचा हलत नाही; ही मात्र चल आहे. लुगड्यांवर लुगडी, अशी एकशे आठ गुंडाळून तिचं दिंड बांधलं आहे. शस्त्रं, हात, मुकुट, काहीच दिसत नाही. थंडीवाऱ्यात बाहेर काढलेल्या म्हातारीला गुंडाळावं तसं. पालखी उचलली जाते आणि वरून कुंकू कोसळतं. नाकात, कानांत, दातांत कुंकू. शेजारचा अनोळखी माणूस तुमच्या खांद्याचा आधार घेऊन रडतो आहे. काय मागतोय हे विचारायची ही वेळ नव्हे.

देवळाभोवती एक प्रदक्षिणा, मधे पिंपळाच्या पारावर विसावा. झालं सीमोल्लंघन. राज्यं जिंकायला निघणाऱ्यांनी दसऱ्याला कुठवर मजल मारावी ते मारोत, आईची सीमा एवढीच. मग तिला पलंगावर निजवतात. ही श्रमनिद्रा. नवरात्राआधीची घोरनिद्रा, पौषातली मोहनिद्रा, अशी वर्षातून तीनदा ती मंचकावर आडवी होते. सर्वशक्तिमान म्हणायचं आणि थकतेही म्हणायचं, यात विसंगती शोधणारा पंडित इथं असेलही. गर्दीत त्याचं कोणी ऐकणार नाही. लढून आलेल्या बाईला झोप लागते, हे इथल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

“आता पुनवेपर्यंत गाऱ्हाणी बंद,” शेजारची आजी बजावते. “आई सिंहासनावर बसली की मग काय ते सांग.”

“आणि तुम्ही, आजी? थांबणार का तोवर?”

“मी? जोंधळा पेरायचाय अजून. आईला निजायला मिळतं, लेकरा, आम्हाला कुठलं!” असं म्हणून ती तुमच्याच गाडीत, तुमच्या आधी, चांगली ऐसपैस बसते.